परतीची वेळ दुपारी १२

जून १९९२
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, लाइम रेजिस नावाचे छोटे बंदर आहे. तिथल्या सेंट अल्बन्स केंद्रात शाळकरी मुलांसाठी साहसी खेळांची शिबिरे भरतात. केंद्र ओएलएल लिमिटेड या लहानशा कंपनीचे आहे. या उन्हाळ्यात दोन प्रशिक्षक सुरक्षेच्या प्रश्नावरून नोकरी सोडतात. त्यांतली एक व्यवस्थापकीय संचालक पीटर काइट यांना पत्र लिहिते. केंद्रातल्या सुरक्षेकडे नीट लक्ष द्या, नाहीतर एखाद्या आईबापाला त्यांचे मूल घरी का येणार नाही हे सांगायची पाळी तुमच्यावर येईल, असा पत्राचा आशय आहे.

पत्र पोहोचते.

पुढचे नऊ महिने
मुलांना समुद्रावर नेणाऱ्या केंद्राला परवाना लागतो, असा कायदा ब्रिटनमध्ये अजून नाही. आपल्याकडची व्यवस्था पुरेशी आहे की नाही, हे केंद्रचालकाने स्वतःच ठरवायचे आहे. पत्रातल्या इशाऱ्यानंतरही केंद्राचा कारभार पूर्वीसारखाच चालतो.

सोमवार, २२ मार्च १९९३, सकाळ
प्लिमथच्या साउथवे शाळेतली १६-१७ वर्षांची आठ मुले आणि त्यांचे एक शिक्षक निघायच्या तयारीत आहेत. सोबत केंद्राचे दोन प्रशिक्षक. एकूण अकरा जण. आज लाइम रेजिसहून चारमथपर्यंत कयाकने जायचे आहे. कयाक म्हणजे दुहेरी वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. किनाऱ्याकिनाऱ्याने अंतर सुमारे दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास. जेवणाच्या वेळेपर्यंत आटपेल असा कार्यक्रम.

दोन्ही प्रशिक्षकांकडे कयाकिंगमधले अगदी प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र आहे. नवशिक्याला थोड्या सरावात मिळू शकणारे. उघड्या समुद्रावर मुलांच्या गटाची जबाबदारी घ्यायला ते पुरेसे नाही.

सकाळी १० च्या सुमारास
अकरा जण पाण्यात उतरतात. त्यांच्याजवळ फ्लेअर, म्हणजे संकटाची खूण म्हणून पेटवायची नळकांडी, नाहीत. रेडिओ नाही. सोबत इंजिनाची बोट नाही. आम्ही निघालो आहोत, अमुक वाजता पोहोचू, असे तटरक्षक दलाला कोणी कळवलेले नाही. अंगावरची लाइफजॅकेटे फुगवून वापरायची आहेत. ती फुगवून घ्या, असे मुलांना सांगितले जात नाही.

वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आहे. अशा वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी शांत दिसते, कारण मागचे कडे वारा अडवतात. जसजसे बाहेर जावे तसतशा लाटा वाढतात, आणि वारा सतत खोल पाण्याकडे ढकलत राहतो. किनाऱ्यावर उभे राहून समुद्राचा अंदाज घेणाऱ्याला हे दिसत नाही. ते शिकवावे लागते.

निघाल्यावर थोड्याच वेळात
शिक्षकांची कयाक उलटते. त्यांना पुन्हा होडीत बसवले जाते. होडी पुन्हा उलटते. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबतो. आठही मुले आता दुसऱ्या प्रशिक्षिकेकडे आहेत.

सगळ्यांनी मागे फिरायचे, तर ती वेळ हीच. बंदर अजून जवळ आहे.

प्रशिक्षिका मुलांना आपापल्या कयाक एकमेकींना लावून धरायला सांगते. असा तराफा केला की होड्या सहसा उलटत नाहीत. शांत पाण्यात हा उपाय चांगला. इथे तराफा स्थिर राहतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो. वल्ही चालत नसल्यामुळे तो थांबवायला काही साधन नाही.

सकाळी ११ च्या पुढे
दोन्ही गट एकमेकांच्या नजरेआड झाले आहेत. शिक्षक आणि एक प्रशिक्षक एकीकडे, आठ मुले आणि दुसरी प्रशिक्षिका दुसरीकडे. कोणत्याही गटाला दुसऱ्याला निरोप देता येत नाही. किनाऱ्यालाही नाही.

लाटा मोठ्या होतात. कयाकमध्ये पाणी शिरते. एकामागून एक होड्या भरतात, उलटतात. मुले पाण्यात आहेत.

मार्च महिन्यात इंग्लिश खाडीचे पाणी साधारण ८ ते १० अंश सेल्सिअस असते. इतक्या थंड पाण्यात काही मिनिटांतच बोटांची पकड ढिली पडू लागते. पुढे हातापायांची ताकद जाते, मग शुद्ध. वेटसूट असला तर शरीर उशिरा गार पडते, पण पडतेच.

दुपारी १२
गट परत यायची वेळ. चारमथच्या किनाऱ्यावर कोणी पोहोचलेले नाही. लाइम रेजिसलाही कोणी परतलेले नाही.

केंद्राकडून तटरक्षक दलाला फोन जात नाही.

दुपारी १
एक तास उशीर. फोन जात नाही.

दुपारी २
दोन तास. मुलांना पाण्यात उतरून आता चार तास होत आले आहेत.

दुपारी ३
तीन तास. बचावाचे हेलिकॉप्टर उडवायला एक फोन पुरतो. वाऱ्याबरोबर मुले दर मिनिटाला किनाऱ्यापासून आणखी दूर चालली आहेत, आणि शोधायचा समुद्र तेवढा मोठा होतो आहे.

दुपारी ३.३० च्या सुमारास
केंद्र तटरक्षक दलाला कळवते. ठरलेली वेळ उलटून साडेतीन तास झाले आहेत. शोधाला लाइफबोट आणि हेलिकॉप्टर निघतात. त्यांना शोधायची आहेत पाण्याच्या पातळीवरची माणसांची डोकी. फ्लेअर असता तर धूर किंवा ज्वाळा दिसली असती.

संध्याकाळी ५.३० नंतर
वाहून गेलेली माणसे एकेक करून सापडू लागतात. सूर्य मावळायला तासाभराचा अवधी आहे. शेवटच्यांना पाण्याबाहेर काढेपर्यंत साडेसहा वाजून जातात आणि उजेड संपत आलेला असतो.

अकरांपैकी सात जण वाचतात: शिक्षक, दोन्ही प्रशिक्षक आणि चार मुले. दोन मुली आणि दोन मुलगे दगावतात.

८ डिसेंबर १९९४
विंचेस्टर क्राउन कोर्ट. सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरी पीटर काइट आणि त्यांची कंपनी या दोघांनाही दोषी ठरवते. काइट यांना शिक्षा तीन वर्षांची. अपिलात ती दोन वर्षांवर येते. कंपनीला ६०,००० पौंडांचा दंड होतो. केंद्राच्या व्यवस्थापकाबाबत ज्यूरीचे एकमत होत नाही आणि ते सुटतात. जून १९९२ चे पत्र खटल्यातला महत्त्वाचा पुरावा ठरते.

इंग्लंडच्या न्यायालयीन इतिहासात एखादी कंपनी या गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ. १९८७ मध्ये झीब्रुगा बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी उलटून १९३ माणसे मरण पावली होती. फेरीच्या कंपनीवरचा सदोष मनुष्यवधाचा खटला १९९० मध्ये कोसळला, कारण मोठ्या कंपनीत दोष नेमका कोणत्या वरिष्ठाच्या निर्णयाशी जोडायचा हे सिद्ध करता आले नाही. लाइम रेजिसची कंपनी लहान होती. निर्णय घेणारा माणूस आणि इशाऱ्याचे पत्र मिळालेला माणूस एकच होता.

१९९५
प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाचा कायदा होतो. १९९६ पासून अठरा वर्षांखालील मुलांसाठी गिर्यारोहण, जलक्रीडा, गुहाभ्रमण आणि दुर्गम भागातली भटकंती पैसे घेऊन घडवणाऱ्या केंद्रांना तपासणी आणि परवाना सक्तीचा होतो.

त्या सोमवारी जे जे कमी पडले, त्यातले काहीच दुर्मीळ किंवा महागडे नव्हते. फ्लेअर दुकानात मिळत होते. वाऱ्याची दिशा किनाऱ्यावर उभ्या माणसाला कळत होती. परतीची वेळही ठरलेली होती. ती उलटल्यावर कोणी, किती मिनिटांत, कोणाला फोन करायचा, एवढेच ठरलेले नव्हते. शाळेने सहलीचे संमतीपत्र पुढे केले, की सही करण्याआधी पालकांनी आणि ते पाठवण्याआधी मुख्याध्यापकांनी हा एक प्रश्न विचारावा. उत्तरात माणसाचे नाव, फोन नंबर आणि मिनिटांचा आकडा आला नाही, तर सही करू नये.