३० टन पोलाद आणि चुकीची क्रेन

आजची गोष्ट एका सकाळची आहे.

१८ एप्रिल २००७. वेळ साधारण पावणेआठ. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या तिएलिंग शहरात छिंगहे स्पेशल स्टील नावाचा कारखाना. पाळी बदलायची वेळ होती, म्हणून कामगार हत्यारं ठेवायच्या एका खोलीत मीटिंगसाठी जमले होते. बाहेर जेमतेम पाच मीटरवर छताखालच्या क्रेनला लॅडल लटकत होती. लॅडल म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून नेणारी अवाढव्य बादली. आत ३० टन पोलाद, तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास.

लॅडल खाली कोसळली, उलटली, आणि पोलादाचा लोंढा दारं-खिडक्या फोडून त्या खोलीत शिरला. ३२ माणसं गेली.

अशी बातमी ऐकली की आपण म्हणतो, वजन जास्त झालं असणार. चौकशीत जे समोर आलं ते वेगळंच होतं. त्यासाठी आपल्याला जरा मागं जावं लागेल.

छताखाली दोन बाजूंना रूळ, त्यावर पुलासारखा आडवा गर्डर, गर्डरवर इकडून तिकडे जाणारी ट्रॉली आणि तिला हूक. ही झाली ओव्हरहेड क्रेन. १८६१ मध्ये इंग्लंडमधल्या क्रू इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी अशी क्रेन वाफेच्या ताकदीवर चालवली. गंमत म्हणजे इंजिन क्रेनवर नव्हतंच! ते जमिनीवर एका जागी, आणि तिथून क्रेनपर्यंत सतत फिरणारा सुती दोर. पुढे वीज आली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तीन मोटरींची क्रेन तयार झाली: उचलायला एक, आडवं न्यायला एक, शॉपच्या लांबीत पळवायला एक. आज आपण जिला ईओटी म्हणतो तिचा सांगाडा हाच.

पण विजेबरोबर एक प्रश्न आला. वजन हवेत असताना वीज गेली तर? उत्तर निघालं ब्रेकमध्ये. वीज असेल तोवर ब्रेक उघडा, वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर तो आपोआप आवळला जाणार. फार साधी, फार हुशार युक्ती.

तिएलिंगमध्ये नेमकी हीच युक्ती फसली. कंट्रोल सर्किटच्या रचनेतच दोष होता. उचलणाऱ्या मोटरची वीज तुटली, पण ब्रेक आवळला गेला नाही. नंतर तो लागला तेव्हा त्याची पकड फारच कमी पडली. आणि मुळात ती क्रेन वितळलेला धातू उचलायची नव्हतीच! ती सर्वसाधारण कामाची क्रेन होती.

मग फरक काय? लॅडलच्या क्रेनला उचलण्याच्या यंत्रणेवर दोन ब्रेक लागतात, आणि एक निकामी झाला तरी दुसऱ्यानं एकट्यानं वजन धरायला हवं. खालून सतत धग येते, म्हणून वायर रोप आणि वायरिंगही उष्णता सोसणारं लागतं. कागदावर दोन्ही क्रेनचं टनेज एकच असू शकतं. काम एक नसतं.

दुसरं टोकही चीनमध्येच आहे. थ्री गॉर्जेस धरणाच्या वीजकेंद्रात १,२०० टनांच्या ओव्हरहेड क्रेन आहेत. आकडा ऐकून छाती दडपते, पण जनित्राचा अजस्र रोटर बसवून झाला की तो पुन्हा उचलायची वेळ दुरुस्तीलाच येते. उलट पोलाद कारखान्यातली लहान क्रेन पाळीमागून पाळी राबत असते. हा फरक मोजायला क्रेनच्या यंत्रणांचे एम-१ ते एम-८ असे वर्ग आहेत. आकडा जितका मोठा, तितकी राबायची ताकद जास्त. आपल्याकडे तर मानकंच वेगळी आहेत: सर्वसाधारण ईओटीसाठी आयएस ३१७७, पोलाद कारखान्यातल्या क्रेनसाठी आयएस ४१३७.

मी हे सगळं का सांगतोय? कारण तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरच्या फौंड्रीत असेल, कुणी चाकणच्या मशीन शॉपमध्ये. नवीन क्रेन घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाची?" दुसरा, "केवढ्याला?" आणि बोलणं तिथंच संपतं. खरं तर आधी विचारायचं ते हे: काय उचलणार? तासाला किती वेळा? खाली उष्णता, धूळ, वाफ काय आहे? आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं: हातातलं सुटलं तर खाली कोण उभं असेल?

फौंड्रीत आज लोखंडी पाट्या उचलायला घेतलेली क्रेन उद्या घाईत लॅडलखाली जुंपली जाते. "चालतंय की" म्हणून. चालतंही, बरेच दिवस.

तिएलिंगच्या त्या खोलीतल्या ३२ जणांनी क्रेन निवडली नव्हती. मीटिंगची जागाही बहुतेकांनी निवडली नसणार. ते फक्त वेळेवर कामाला आले होते.

उद्या शॉपमध्ये गेलात की एकदा मान वर करून बघा. गर्डरवर टनेज मोठ्या अक्षरात रंगवलेलं दिसेल. वर्ग मात्र विचारावा लागेल. तेवढं विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!