गिरणीमालकाचे चौदाशे पौंड

आमच्या घरात दानशूर गिरणीमालकांचं कौतुक कधी फारसं झालं नाही. आजोबा साचेखात्यात होते. कुणा शेठजीच्या देणगीची बातमी पेपरात आली की म्हणायचे, "आधी पगार नीट द्या म्हणावं." (घरच्यांना हे वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येईल!) त्यामुळे परवा रतन टाटांबद्दल वाचायला बसलो तो कपाळाला आठी घालूनच.

हे रतन टाटा म्हणजे २०२४ साली गेले ते नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ ते १९१८. नागपूरची एम्प्रेस मिल, कुर्ल्याची स्वदेशी मिल असा घराण्याचा पसारा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला मदत, गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला सव्वा लाख रुपये, पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसे, असं यांचं देणं चालू असे. आणि १९१२ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला (हो, पुढे बाबासाहेब शिकले तीच) वर्षाला चौदाशे पौंड द्यायला सुरुवात केली. कशासाठी? तर गरिबी कशामुळे येते आणि ती कशी दूर होईल, याच्या अभ्यासासाठी.

म्हणजे बघा, इंग्रज गरीब का आहेत हे शोधायला पैसे हिंदुस्थानातल्या माणसाचे! मला आधी यातली गंमतच वाटली. पुढचं वाचलं तेव्हा आठी जरा सैल झाली.

त्या काळी पुष्कळ लोकांची ठाम समजूत होती की माणूस गरीब राहतो तो दारूमुळे, आळसामुळे, नाहीतर उधळेपणामुळे. या निधीचे संचालक झाले आर. एच. टॉनी. त्यांनी प्रश्नच फिरवला. गरिबांच्या सवयी तपासण्याआधी त्यांना मजुरी काय मिळते ते तपासा, असा त्यांचा रोख. साखळ्या घडवणाऱ्या कामगारांना, त्यात बायका बऱ्याच, तेव्हा नुकतंच किमान वेतन लागू झालं होतं. यानं धंदा बसेल, ही नेहमीची भीती होतीच. टॉनींनी १९१४ साली अभ्यास छापला. मजुरी वाढली होती आणि धंदा बसला नव्हता.

त्याहून मला आवडलं ते बाउली आणि बर्नेट-हर्स्ट यांचं काम. रेडिंग, नॉर्थॅम्प्टन, वॉरिंग्टन आणि स्टॅनले ही चार गावं त्यांनी घेतली. सगळी घरं पालथी घालणं परवडणार नव्हतं, म्हणून साधारण वीस घरांमागे एक घर, तेही आपल्या मर्जीनं न निवडता. नमुना पाहणीची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. आज निवडणुकीपासून कुपोषणापर्यंत सगळ्या पाहण्या याच वाटेनं जातात. १९१५ साली पुस्तक आलं. कर्ता पुरुष मेला, आजारी पडला किंवा बेकार झाला, ही कारणं होतीच. पण सगळ्यांत मोठं कारण निघालं ते असं की माणूस रोज पूर्ण वेळ राबत होता आणि मजुरीच पुरत नव्हती. खाणींचं स्टॅनले तेवढं त्यातल्या त्यात बरं.

म्हणजे आजोबांचंच वाक्य की! आणि तेही एका गिरणीमालकाच्या पैशातून छापलेलं. देणाऱ्यानं प्रश्न विचारायला पैसे दिले, उत्तर काय यावं हे ठरवलं नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं. आजोबांनी मान्य केलं असतं की नाही, शंकाच आहे.

हे बर्नेट-हर्स्ट पुढे हिंदुस्थानात आले आणि १९२५ साली त्यांचं मुंबईतल्या कामगारांवर पुस्तक निघालं. विषय तेच: मजुरी आणि राहण्याची जागा. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. संप झाला, तो सुमारे तीन महिने चालला. शेवटी सरकारनं कापडावरचं अबकारी शुल्क स्थगित केलं, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली. अभ्यास एकीकडे आणि पगाराची चिठ्ठी दुसरीकडे, दुसरं काय!

आजोबा तेव्हा मुंबईत नवीनच होते. संपात बोटीनं गावी गेले, मिटल्यावर परत आले ते परळच्या त्याच खोलीत. नऊ जणांच्या वळकट्या होत्या तिथे. त्या दारात कधी कुणी वही-पेन्सिल घेऊन उभं राहिलं होतं का, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.