मोडेन पण वाकणार नाही

यंदा मे महिन्यात धाकट्या बहिणीची मुलगी हिमाचलातली भटकंती आटोपून बेळगावला आली आणि तिने माझ्यासमोर टेबलावर एक काळी नळी ठेवली. वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, आणि एका टोकाला पिंजून निघालेली, जशी गुराने चघळलेली उसाची कांडी. "मामा, हात लावू नका, कुसळं घुसतात," ती म्हणाली. तिच्या मैत्रिणीच्या तंबूची ती काठी. रात्री अडीचच्या सुमारास वाऱ्याचा झोत आला, फटकन आवाज झाला आणि छत अंगावर आलं. उजाडेपर्यंत दोघींनी आळीपाळीने हात वर धरून कापड तोलून ठेवलं. आता तिला स्वतःचा तंबू घ्यायचा आहे. काठ्या कार्बन फायबरच्या घ्याव्यात की ॲल्युमिनियमच्या, एवढाच तिचा प्रश्न. मी इतिहासाचा विद्यार्थी. प्रश्न कोणताही असो, मागे गेल्याशिवाय मला पुढचं दिसत नाही.

तंबू आपल्याला नवा नाही. डेरा, राहुटी, पाल, कनात, मेख हे शब्द आपल्या बखरींतून आणि पत्रव्यवहारातून जागोजाग भेटतात. पण त्या छावण्यांतला लाकडी खांब किती वजनाचा, याची चिंता शिपायाच्या पाठीला नव्हती. ती उंटाला, बैलाला आणि हत्तीला होती. वजनाचा हिशेब सुरू झाला तो माणूस आपलं घर आपल्याच पाठीवर घेऊन डोंगर चढू लागला तेव्हा.

त्या हिशेबातलं पहिलं मोठं नाव एडवर्ड व्हिंपर या इंग्रज चित्रकाराचं. १८६५ साली मॅटरहॉर्न शिखरावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्यांपैकी हा एक. आल्प्समधल्या मोहिमांसाठी त्याने स्वतः तंबू बेतला. ॲश वृक्षाच्या लवचीक लाकडाच्या चार काठ्या, प्रत्येक साधारण साडेसहा फूट, टोकाला लोखंडी अणी, दोन-दोन काठ्यांची कैची. सगळं मिळून वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो. पुढे अनेक दशकं गिर्यारोहक 'व्हिंपर तंबू' वापरत राहिले, कारण तो वाऱ्यात उभा राही.

याच्या उलट विचार केला ॲल्बर्ट ममरी याने. त्याला प्रश्न पडला की मुळात काठ्या न्यायच्याच कशाला? बर्फाची कुऱ्हाड हातात असतेच, तिचाच खांब करावा. त्याचा हलका छोटा तंबू कुऱ्हाडींवर उभा राही आणि चार पौंडांच्या आत बसे. हाच ममरी १८९५ साली नंगा पर्वतावर गेला आणि रघुबीर व गोमनसिंग या दोन गुरखा सोबत्यांसह कायमचा नाहीसा झाला. पण त्याची युक्ती मेली नाही. आज चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे जे अतिहलके तंबू विकले जातात, ते ममरीचेच वंशज.

आता धातूकडे येऊ. बेळगावकरांना ॲल्युमिनियमची ओळख करून द्यायला नको. यमनापूरच्या कारखान्याला जुनी माणसं अजून 'इंडाल'च म्हणतात. चंदगड-राधानगरीकडची तांबडी बॉक्साइटची माती पोटात घेणारी ही भट्टी आपल्या उंबऱ्याशी आहे. तंबूच्या काठ्या मात्र इथे बनत नाहीत, आणि त्याला कारण आहे. १८८६ साली अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात मिळवण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली खरी. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. आपल्या पातेल्याला पोचा पडतो तसा काठीलाही पडायचा.

मार्ग सापडला तो जर्मनीत. आल्फ्रेड व्हिल्म हा धातुशास्त्रज्ञ तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेल्या मिश्रधातूवर प्रयोग करीत होता. तापवून पाण्यात थंड केलेला नमुना त्याच वेळी तपासला तर मऊ, आणि नुसता ठेवून दिला तर दोन-चार दिवसांत आपोआप कठीण! यातूनच १९०९ च्या सुमारास 'ड्युरालुमिन' बाजारात आलं. पुढे १९३६ साली जपानच्या सुमितोमो कंपनीने जस्ताचं प्रमाण वाढवून त्याहून बळकट मिश्रधातू काढला. 'झीरो' या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात तो गेला. अमेरिकेत अल्कोआने १९४३ साली तसाच मिश्रधातू आणला आणि त्याला पुढे ७०७५ हा क्रमांक मिळाला. आज चांगल्या तंबूच्या काठीवर हा आकडा दिसतो. विमानाचा धातू तंबूपर्यंत आणण्यात ईस्टन या अमेरिकन कंपनीचा मोठा वाटा. ती मूळची बाण बनवणारी, सुरुवात १९२२ साली लाकडी बाणांपासून. बाणाची नळी आणि तंबूची नळी यांत अंतर ते किती!

१९७५ साली 'नॉर्थ फेस'ने बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीवर आधारलेला घुमटाकार तंबू आणला. तोवर काठी बहुधा सरळ उभी राहून भार पेलत होती. आता ती धनुष्यासारखी वाकून भार पेलू लागली. काठीने वाकायचं, पण पुन्हा सरळ व्हायचं. काठीची खरी परीक्षा इथून सुरू झाली.

कार्बनची कथा सुरू होते बांबूपासून. १८८० साली एडिसनने विजेच्या दिव्यासाठी बांबूचा तंतू जाळून त्याचा कोळसा केला. पण बळकट कार्बन तंतूचा पाया १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी घातला. १९६१ च्या सुमारास ओसाकाच्या अकिओ शिंदो यांनी स्वेटरच्या ॲक्रिलिक धाग्याचा जो भाऊबंद, त्या पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून असा तंतू काढला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या प्रयोगशाळेने १९६३ च्या सुमारास त्याला आणखी बळ दिलं. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे हे तंतू राळेत बसवले की काठी तयार.

याच तंतूंवर विसंबून रोल्स-रॉइसने आपल्या आरबी २११ या विमान इंजिनाच्या पंख्याची पाती बनवली. उडता पक्षी आदळला तर काय होईल, हे पाहण्यासाठी १९७० साली त्यांवर मेलेली कोंबडी वेगाने मारली. पाती फुटली आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं. इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. दिवाळं निघण्याची कारणं अनेक होती, पण कोंबडीने शिकवलेला धडा साधा होता : ताणात अजिंक्य असलेला हा पदार्थ आडव्या आघाताला मात्र नाजूक.

भाचीला मी कागदावर मांडून दाखवलं. ७०७५ चा एक घनसेंटिमीटर २.८ ग्रॅमचा, कार्बनच्या काठीचा साधारण १.६ ग्रॅमचा. दोन माणसांच्या तंबूत त्यामुळे शे-दीडशे, फार तर दोनशे ग्रॅम वाचतात. किंमत मात्र बरीच चढते. ॲल्युमिनियमची काठी अति ताण आला तर वाकते आणि वाकलेलीच राहते. रात्र मात्र निभावते. मोडलीच तर वर नळीचा तुकडा सरकवून, चिकटपट्टी गुंडाळून पुढे जाता येतं. कार्बनची काठी शेवटच्या क्षणापर्यंत सरळ होत राहते आणि मग एकदम फुटते. आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा मानाचा. माणसाला तो शोभतो, तंबूच्या काठीला नाही.

"म्हणजे कार्बन वाईटच?" तिने विचारलं. तसं नव्हे. जो दिवसाला पंचवीस किलोमीटर चालतो, झाडीच्या आडोशाला मुक्काम करतो आणि सामान जपून हाताळतो, त्याला ते दीडशे ग्रॅम मोलाचे. पण उघड्या खिंडीत, वाऱ्यात, बर्फाच्या ओझ्याखाली राहायचं असेल तर वाकणारी काठी बरी. आणि काठी कोणतीही असो, तिचे सांधे एकमेकांत पूर्ण बसलेत ना, हे आधी पाहावं. अर्धवट बसलेल्या सांध्यापाशीच काठी बहुधा दगा देते.

तिने ॲल्युमिनियमचा तंबू घेतला. गणपतीत आली तेव्हा अंगणात उभारून दाखवला. काठ्या कमानीसारख्या वाकल्या, कापड ताणलं गेलं आणि आईने आत डोकावून विचारलं, "यात उभं राहता येत नाही का गं?" पोरगी हसून म्हणाली, "नाही आजी, वाकूनच जायचं."

ती काळी पिंजलेली नळी अजून माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवायला गेलो, तर त्यासाठीही ती फार हलकी निघाली.