नाकेदाराचं बिल

माहेरची पत्र्याची पेटी आता माझ्याकडे भद्रावतीला आहे. तिच्यात बाबांच्या नोकरीचे कागद आहेत. सुरुवातीच्या कागदांवर मध्य प्रदेश शासन, मधल्यांवर मुंबई राज्य, पुढच्या सगळ्यांवर महाराष्ट्र शासन. बाबा आलापल्लीच्या जंगलातून कधी हलले नाहीत, पण त्यांची सरकारं तीन झाली. जिल्हाही चांद्याचा चंद्रपूर झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली निघाला. बाबा त्याच्या पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. पेटीच्या तळाशी एक बिल आहे, १९९१ चं. वर टाचणीनं लावलेला कागदाचा चिटोरा, टाचणीचा गंज दोन्ही कागदांत उतरलेला. चिटोऱ्यावर एवढंच लिहिलंय : ‘सेवानिवृत्त. परत.’

या दोन जिल्ह्यांत सरकारी नोकराच्या म्हातारपणाचं औषधपाणी कसं उभं राहिलं, ते मला या चिटोऱ्यापासूनच सांगता येईल. मी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स होते, २०१२ ला निवृत्त झाले. आमचे हे बल्लारपूरच्या कोळसा खाणीत फोरमन होते. बाबा वनखात्यात नाकेदार. एकाच घरात तीन मालक आणि तीन वेगवेगळे नियम.

बाबा लागले १९५१ ला. त्या वर्षी जमीनदारी गेली आणि अहेरी जमीनदारीची जंगलं सरकारकडे आली. राखायला माणसं हवी होती. नाकेदाराचं काम म्हणजे बीट पायी फिरायचं, सागाच्या लाकडावर हातोडा मारायचा, वणवा विझवायचा. पावसाळ्यात नाले भरले की महिना-महिना बाहेरचं तोंड दिसायचं नाही. थंडीताप तर ठरलेलाच. हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ ला सुरू झाला, डीडीटी फवारणारे आमच्या क्वार्टरपर्यंत यायचे, भिंतीवर तारीख लिहून जायचे. तरी बाबांची प्लीहा कायम वाढलेली. आई कोयनेलच्या कडू गोळ्या गुळात दाबून द्यायची. हे आजारपण जंगलानं दिलेलं होतं, म्हणजे नोकरीनंच दिलेलं होतं, हे मला नर्स झाल्यावर नीट कळलं.

कामावर असेपर्यंत राज्य सरकारच्या माणसाला १९६१ च्या वैद्यकीय नियमांनी खर्चाची भरपाई मिळे. अठ्ठावन्न पूर्ण झाली की तो रस्ता बंद. सरकारी दवाखाना होता, पण आलापल्लीच्या माणसाला हृदयाचा डॉक्टर त्या काळी नागपूरलाच भेटायचा. बाबांना तिथे ठेवलं, बिल झालं, मीच अर्ज लिहून एका कार्यालयात पाठवला. तेच हे परत आलेलं बिल. भावानं बैलजोडी विकली. अर्ज लिहिताना मी नियम वाचला नव्हता, याची टोचणी मला अजून आहे.

खाणीचं वेगळं. कोळशाला या भागात जुना इतिहास आहे. वरोऱ्याची खाण १८७१ ला खुद्द सरकारनं चालवायला घेतली होती, ती १९०६ ला बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. १९४७ च्या कायद्यानं कोळशाच्या टनामागे उपकर बसला, त्यातून खाण कामगारांचे दवाखाने उभे राहिले. १ मे १९७३ ला राष्ट्रीयीकरण झालं आणि आमचे हे ठेकेदाराच्या हजेरीपटावरून सरकारी कंपनीच्या हजेरीवर आले. पण फुफ्फुसात साठलेली धूळ निवृत्तीच्या दिवशी बाहेर निघत नाही, हे कंपनीनं मान्य करायला फार काळ गेला. निवृत्तांसाठी वर्गणीची योजना आली ती आधी अधिकाऱ्यांना, मग कितीतरी उशिरा कामगारांना. तीही संघटनांनी वेतन करारात रेटली तेव्हा. नवरा-बायको मिळून ८ लाखांपर्यंतचा खर्च, आणि हृदय, कर्करोग, मूत्रपिंड असे काही आजार त्या मर्यादेच्या बाहेर. योजनेच्या नावात ‘मेडिकेअर’ हा शब्द आहे. अमेरिकेत १९६५ ला त्या नावाचा कायदा झाला. तो पासष्टी ओलांडलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी होता, मग तो माणूस कुठेही राबलेला असो. आपल्याकडे शब्द आला, पण कंपनीच्या फाटकातून आत गेलेल्यांपुरता.

माझी केंद्र सरकारची नोकरी. केंद्राची आरोग्य योजना, सीजीएचएस, १९५४ ला दिल्लीत सुरू झाली आणि शहराशहरांनी वाढली. आम्हाला जवळचं शहर नागपूर. भद्रावतीहून रक्तदाबाच्या गोळ्या आणायला सव्वाशे किलोमीटर कोण जाणार? म्हणून योजनेच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या पेन्शनरला महिन्याचा ठरावीक वैद्यकीय भत्ता. १९९७ ला तो १०० रुपये होता, २००८ ला ३००, २०१४ ला ५००, जुलै २०१७ पासून १,०००. यातली खुबी फार थोड्यांना ठाऊक असते : रोजच्या औषधाला भत्ता घ्यायचा आणि भरती व्हायची वेळ आली तर सीजीएचएसचं कार्ड वापरायचं, असे दोन्ही पर्याय एकत्र घेता येतात. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड जन्मभराचं. मी भरली. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायांनी नुसता भत्ता घेतला, कारण त्यांना कुणी समजावून सांगितलंच नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देतात, त्या ताटात हा अर्जही ठेवायला हवा, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ह्यांना छातीत कळ आली. रात्री अॅम्ब्युलन्स वरोऱ्याच्या पुढे गेली तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन कार्डं होती, यांचं खाणीचं आणि माझं. नागपूरच्या काउंटरवरच्या पोरानं दोन्ही उलटीपालटी केली आणि विचारलं, “काकू, यातलं कोणतं चालवू?” रात्रीचा दीड वाजलेला. एकाच खर्चाचं बिल दोन्हीकडे लावता येत नाही, आणि एकदा एका कार्डावर भरती दाखवली की मागे फिरणं कठीण, हे मला माहीत होतं. हृदयाचा आजार खाणीच्या योजनेत मर्यादेबाहेर येतो हे आठवलं, म्हणून मी खाणीचं कार्ड पुढे केलं. तेवढ्या आठवणीवर आमची सगळी पुंजी वाचली. ज्या घरात नर्स नाही त्या घरानं रात्री दीड वाजता काय करावं?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांचं. त्यात सीजीएचएसवाल्यांनी एकच काय ते निवडायचं, आणि तेही एकदाच. शेजारच्या पेन्शनर बाया कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. मी आधी विचारते, जुनं कार्ड कुठलं? मगच पेन काढते.

परत बाबांच्या घराकडे येते. बाबा १९९८ ला गेले. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे, औषधाला वेगळं काही नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. चंद्रपूरला ती पुढच्या वर्षी आली. दीड लाखापर्यंतचे उपचार, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर. आईचं नाव शेती करणाऱ्या भावाच्या केशरी कार्डावर होतं. २०१३ ला तिला पेसमेकर बसवायचा ठरला तेव्हा बत्तीस वर्षं जंगल राखणाऱ्या बाबांची नोकरी कामी आली नाही, दोन एकर धानाचं ते कार्ड कामी आलं. नागपूरच्या दवाखान्यात योजनेच्या आरोग्यमित्रानं टेबलावर अर्ज घेतला आणि विचारलं, “आजी, घरी काम कायचं?”

आई म्हणाली, “नाकेदाराची बायको हाओ मी.”

त्यानं कार्डाकडे पाहिलं आणि लिहिलं : शेती.

“नाकेदार लिव्ह ना बापू,” ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि कागद पुढच्या टेबलाकडे सरकवला.