सैल न होणारा पट्टा: बैलगाडीच्या धावेपासून रॉकेटपर्यंत

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना मध्येच फोन आला, त्यांच्यासाठी हा लिखित एपिसोड. आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ आहे. क्लॅम्प. म्हणजे पाइपाभोवती आवळतो तो लोखंडी पट्टा. पण थांबा, या गोष्टीत बैलगाडी आहे, ब्रिटिश नौदल आहे, हॉलिवूडचा एक विनोदी नट आहे आणि शेवटी रॉकेटसुद्धा आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही घरचे चौघं जुन्या गाडीनं साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या रबरी पाइपाच्या तोंडाशी कूलंट गळतंय. आता गंमत अशी, की पंधरा दिवसांपूर्वी तो पाइप मीच बदलला होता. क्लॅम्प मीच आवळला होता, तोही तळहाताला फोड येईपर्यंत.

बाबा म्हणाले, "अरे, नीट आवळला नाहीस तू."

पण माझ्याकडे पुरावा होता. आवळून झाल्यावर मी स्क्रूपासून पट्ट्यापर्यंत मार्करनं एक पांढरी रेघ मारून ठेवली होती. स्क्रू फिरला तर रेघ तुटते. ती रेघ जशीच्या तशी होती. स्क्रू केसभरही फिरला नव्हता, आणि तरी पट्टा सैल होता! इंजिन गार होईपर्यंत तासभर बसलो, तेव्हा डोक्यात हेच. स्क्रू फिरला नाही, तर मग सैल झालं काय?

मी बीटेक केलंय, पण पोट सॉफ्टवेअरवर भरतो. त्यामुळे उत्तर शोधायला मागे जावं लागलं. बरंच मागे.

आधी आपल्याच गावात जाऊ. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोखंडी पट्टा असतो, त्याला 'धाव' म्हणतात. नट नाही, स्क्रू नाही. लोहार ती धाव चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. तापली की लोखंड प्रसरण पावतं. तशीच चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. गार होताना धाव आक्रसते आणि सगळं चाक करकचून आवळते. म्हणजे धाव ताणलेल्या अवस्थेत तिथे बसलेली असते. तिला मूळ मापावर परत जायचंय, चाक जाऊ देत नाही. त्या ओढीलाच आपण घट्टपणा म्हणतो.

आता ऐका. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, आणि धाव ढिली होते. धावेला काही झालेलं नसतं, तिच्या आतलं चाक बारीक झालेलं असतं. म्हणून गाडीवान चाकं पाण्यात भिजत ठेवायचे. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट.

माझ्या पाइपाचं उत्तर इथेच होतं, पण ते कळायला मला अजून शंभर वर्षांचा प्रवास करावा लागला.

1921 मध्ये इंग्लंडमध्ये लम्ली रॉबिन्सन यांनी एका क्लिपचं पेटंट घेतलं. हे पूर्वी ब्रिटिश नौदलात कमांडर होते. पट्टीवर तिरप्या खाचा, आणि त्या खाचांत अडकणारा एक मळसूत्री स्क्रू. स्क्रू फिरवला की पट्टी पुढे सरकते आणि घेर कमी होतो. क्लिपचं नाव जुबिली. ब्रिटनमध्ये आजही कुठल्याही कंपनीच्या अशा क्लिपला लोक जुबिली क्लिपच म्हणतात, जसं आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. आपल्याकडे गाडीच्या पाइपावर दिसते तीही याच घराण्यातली.

यातली हुशारी मळसूत्रात आहे. त्याचा उतार इतका कमी असतो, की स्क्रू फिरवून पट्टी ओढता येते, पण पट्टी ओढून स्क्रू उलटा फिरत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं. कागदावर हिशोब पूर्ण झाला. पण गाडी कागदावर चालत नाही, ती खड्ड्यांतून चालते.

कंपनांनी स्क्रू का सुटतो, हे नीट दाखवलं गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं, 1969 मध्ये. तोपर्यंत बहुतेकांचं लक्ष स्क्रूच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या धक्क्यांवर होतं. युंकरनं जोड आडवा हलवणारं यंत्र बनवलं, आणि दिसलं असं, की खरा घात आडव्या हालचालीनं होतो.

का? घरातलं जड कपाट आठवा. जागेवर उभं असताना ढकललं तर हलत नाही. पण दोघांनी ते एका बाजूला सरकवायला सुरुवात केली, की सरकत असताना तिसऱ्यानं बोट लावलं तरी ते दुसऱ्या दिशेलाही वळतं. घर्षण एका दिशेला खर्च झालं, की दुसऱ्या दिशेला अडवायला फारसं उरत नाही. आट्यांमध्ये हेच होतं. जोड आडवा घसरला, की त्या क्षणापुरती स्क्रूवरची पकड जवळजवळ जाते. स्क्रूला सैल व्हायचंच असतं, तो थोडासा फिरतो. मग पुन्हा, मग पुन्हा. आणि आपण मोठ्या विश्वासानं लावतो तो तुटक गोल स्प्रिंग वॉशर? नासाच्या 1990 च्या फास्टनर मॅन्युअलमध्ये स्पष्ट म्हटलंय, की पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि स्क्रू अडवायला त्याचा उपयोग राहत नाही.

म्हणजे इलाज काय? जोड इतक्या जोरानं दाबून ठेवायचा, की आडवं घसरणं सुरूच होऊ नये. आणि तो दाब नंतरही टिकला पाहिजे. हे 'नंतरही' महत्त्वाचं आहे, कारण तिथेच माझा पाइप फसला.

आता हॉलिवूड. मार्क्स ब्रदर्स हे अमेरिकन विनोदी त्रिकूट-चौकूट ऐकलं असेल. त्यातला धाकटा झेप्पो मार्क्स. 1933 च्या 'डक सूप' नंतर तो पडद्यावरून बाजूला झाला, आणि 1941 मध्ये कॅलिफोर्नियात मार्मन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. या माणसाला यंत्रांची मनापासून आवड. पुढे 1969 मध्ये हृदयाच्या ठोक्यांवर चालणाऱ्या घड्याळाचं पेटंटही त्याच्या नावावर झालं. तुमच्या मनगटावरच्या स्मार्टवॉचचा हा लांबचा काकाच म्हणा ना!

त्याच्या कंपनीच्या नावानं ओळखला जातो तो मार्मन क्लॅम्प. दोन नळकांडी तोंडाला तोंड लावून ठेवायची. दोघांच्या कडा उतरत्या. त्यांच्यावर इंग्रजी व्ही आकाराचे ठोकळे, आणि त्या सगळ्यांवरून एक पातळ पट्टा. पट्टा आवळला की ठोकळे आत दाबले जातात आणि पाचरीसारखे दोन्ही कडांना एकमेकींवर दाबतात.

उपग्रह रॉकेटवर बसवायला हीच पद्धत जगभर वापरली जाते. इस्रोच्या रॉकेटांच्या माहितीतही 'मर्मन बँड' हा शब्द भेटतो. विचार करा, या पट्ट्यावर जबाबदारी केवढी! उड्डाणाच्या भयंकर थरथरीत तसूभर सैल व्हायचं नाही, आणि कक्षेत पोचल्यावर बोल्ट कापला, की क्षणात सुटून बाजूला व्हायचं.

तो सैल का होत नाही? पहिलं कारण त्याची लांबी. 937 मिलिमीटर व्यासाचा पट्टा घ्या, हे उपग्रहांचं एक प्रचलित माप आहे. त्याचा घेर साधारण 2.9 मीटर. समजा तो हजारात एक भाग ताणला, तर ताण जवळजवळ 3 मिलिमीटर. आता कुठेतरी पृष्ठभाग दबून 0.01 मिलिमीटर ताण कमी झाला, तर फरक अर्धा टक्काही नाही. तेच 20 मिलिमीटरच्या आखूड बोल्टला तितकंच ताणा, ताण भरेल 0.02 मिलिमीटर. त्यातून तेवढेच 0.01 गेले, की निम्मी पकड गेली! जो जास्त ताणला जातो, त्याला थोडं गमावणं परवडतं.

दुसरं कारण आवळण्याची पद्धत. पट्टा एकाच ठिकाणी आवळला, तर घर्षणामुळे ताण पलीकडच्या बाजूला पूर्ण पोचत नाही. घर्षणगुणांक 0.1 धरला तर समोरच्या टोकाला जेमतेम 73 टक्के पोचतो. मग उड्डाणाच्या थरथरीत तो ताण आपोआप वाटला जातो, आणि जिथे मोजला होता तिथे कमी होतो. म्हणून तंत्रज्ञ पट्टा आवळताना त्यावर मऊ हातोडीनं गोल गोल ठोकत जातात आणि जागोजागी ताण मोजतात. म्हणजे जी थरथर पुढे छळणार, ती आधीच जमिनीवर देऊन टाकायची.

आता पुन्हा खंबाटकी घाट. रबर म्हणजे उन्हाळ्यातलं लाकूडच. पट्ट्याखाली दाबलं गेलं, रोज तापलं, गार झालं, आणि हळूहळू बसलं. आतलं बारीक झालं, वरचा पट्टा तेवढाच राहिला. माझी क्लिप कडक, तिच्यात ताण साठवायला जागाच नाही. मी फोड येईपर्यंत आवळलं, त्यानं रबर फक्त जास्त चेपलं. स्क्रू इमानदार होता. मीच चुकीच्या गोष्टीवर रेघ मारून पहारा देत होतो.

घरी आल्यावर मी तिथे स्प्रिंगच्या पोलादाचा क्लॅम्प लावला. दोन कान असतात, पक्कडीनं दाबून चढवायचा आणि सोडून द्यायचा. रबर बसलं की तोही मागोमाग आत सरकतो. दोन उन्हाळे झाले, एक थेंब गळलेला नाही.

परवा घाटाआधी बाबांनी विचारलं, "नीट आवळलायस ना?" मी बॉनेट उघडून दाखवलं. त्यांनी वाकून सगळीकडून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, याला स्क्रूच नाही!"

नाही. धावेलाही कुठे होता?

भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्याकडे अशी एखादी सैल झालेली गोष्ट असेल, तर नक्की कळवा.