शेजारी मालमत्ताधारकांना सूचना (कॅलिफोर्निया)

जमिनीच्या वापराचा प्रकार बदलणे, बांधकाम नियमांत सवलत मिळवणे किंवा सशर्त वापर परवाना घेणे यांसाठी केलेल्या अर्जावर निर्णय होण्याआधी आसपासच्या मालमत्ताधारकांना कळवण्याची कायदेशीर पद्धत. अमेरिकेत झोनिंगचे (जमीन-वापराच्या विभागणीचे) नियम राज्यांच्या कायद्यांनुसार प्रामुख्याने शहरे आणि काउंट्या करतात, त्यामुळे सूचनेच्या तरतुदीही राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच तरतुदींचे मूळ संघीय वाणिज्य खात्याने १९२० च्या दशकात राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्यात सापडते. त्यात सुनावणीची सूचना किमान १५ दिवस आधी वृत्तपत्रातून देण्याची तरतूद होती. बदल होणाऱ्या किंवा त्यालगतच्या ठरावीक क्षेत्रातील २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध केल्यास बदलासाठी तीन-चतुर्थांश मते लागत.

कॅलिफोर्नियात ही सूचना टपालाने घरपोच येते. अर्जातील जागेपासून ३०० फुटांच्या (सुमारे ९१ मीटर) आतील सर्व मालकांना साधारणपणे सुनावणीच्या किमान १० दिवस आधी ती पाठवावी लागते. अंतर इमारतीपासून नव्हे, जागेच्या हद्दीपासून मोजतात. म्हणून अनेक शहरांत अर्जदाराला हद्दीभोवती रेघ आखलेला नकाशा, आत येणाऱ्या भूखंडांची यादी आणि पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या पट्ट्या अर्जासोबतच द्याव्या लागतात. सुनावणीची तारीख, वेळ, ठिकाण, ती कोणापुढे होणार, विषय काय आणि जागा कुठली, एवढे सूचनेत असावे लागते. मालकांची संख्या १,००० च्या वर गेल्यास टपालाऐवजी वृत्तपत्रात किमान एक-अष्टमांश पानाची जाहिरात चालते.

पत्ते मालमत्ता कराच्या आकारणी यादीतून घेतात. पद्धतीचे खरे दुखणे हेच. शेकडो मैलांवर राहणाऱ्या मालकाला पत्र जाते. त्याच घरात वर्षानुवर्षे भाड्याने राहणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. काही शहरांनी आपल्या नियमांत रहिवाशांनाही सामील करून ही उणीव भरून काढली आहे. नियमाप्रमाणे पाठवलेले पत्र कोणाला मिळाले नाही, एवढ्यावरून न्यायालय निर्णय रद्द करत नाही.

‘हॉर्न विरुद्ध व्हेंच्युरा काउंटी’ या १९७९ च्या खटल्यात शेजारच्या जमिनीच्या विभाजनामुळे आपला रस्त्याकडे जाण्याचा मार्ग अडेल, अशी एका मालकाची तक्रार होती. पर्यावरणविषयक कागद सार्वजनिक इमारतींत लावणे आणि मागणाऱ्यांना पाठवणे एवढ्यावर काउंटीने भागवले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरे ठरवले. ज्यांच्या मालमत्तेच्या हक्कांवर लक्षणीय परिणाम होतो त्यांना निर्णयापूर्वी सूचना आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, असा निकाल दिला. या हक्कात नकाराधिकार येत नाही. हरकती ऐकूनही परवाना देता येतो.

अधिकाऱ्याने फक्त नियमांशी ताडून पाहून द्यायची परवानगी सूचनेच्या कक्षेबाहेर राहते, कारण तिथे सुनावणीच नसते. घरटंचाईमुळे कॅलिफोर्नियाने अशा परवानग्यांची व्याप्ती वाढवली. एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडांवर दोन घरे बांधू देणारा २०२१ चा कायदा त्यांपैकीच.

तुलनेसाठी पाहिले तर, महाराष्ट्रात विकास योजनेतील फेरबदलासाठी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम ३७ राजपत्रात प्रसिद्धी, हरकतींसाठी मुदत आणि बाधित व्यक्तींना नोटीस सांगते. मात्र बाधित कोण, यासाठी फुटांत मोजलेली हद्द त्या कलमात नाही.