कोरेगावचे शिपाई पुरले कोठे?

मोखाडा तालुक्यातील पोशेरा या आदिवासी गावात मी शिक्षक आहे. एका जानेवारीत वर्गात भीमा कोरेगावच्या स्तंभाविषयी सांगत होतो. मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, मेलेल्यांना पुरलं कुठं?" मी थबकलो. दरवर्षी आपण त्या स्तंभापुढे नतमस्तक होतो. पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सुटी लागताच तोच प्रश्न घेऊन मी पुणे जिल्ह्यात गेलो.

प्रथम कोरेगाव. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली आणि 1 जानेवारी 1818 रोजी दिवसभर भीमेकाठच्या या गावात लढली. नदी डोळ्यांसमोर असून संध्याकाळपर्यंत शिपायांना पाणी मिळाले नाही. मृत, जखमी व बेपत्ता मिळून कंपनीची 275 माणसे खर्ची पडली. पेशव्यांच्या बाजूने लढलेल्या अरबांचीही प्रेते तेथे पडली होती. दुसऱ्या रात्री तुकडी जखमींना घेऊन शिरूरकडे परतली. स्तंभाभोवती मी हिंडलो. शिपायांचे एकही थडगे तेथे नाही. आहेत ती फक्त नावे. मृतांच्या 49 नावांपैकी 22 नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात : सोमनाक कमळनाक, रामनाक येसनाक आणि त्यांचे सोबती. त्याच दगडावर मराठे, रजपूत आणि मुसलमान शिपायांचीही नावे आहेत.

या दगडाचे मोल समजायचे तर त्याच काळातल्या गावाकडे पाहावे लागते. मयताची खबर परगावी न्यायची ती महाराने. दुसऱ्याच्या सरणाची लाकडे वाहायची, मेलेले ढोर ओढायचे, तेही महाराने. प्रेतावरचे कापड हा त्याचा 'हक्क'! साऱ्या गावाचे मरण ज्याने वाहिले त्याच्या स्वतःच्या मरणाची नोंद गावाने कधी ठेवली नाही. अशा माणसाचे नाव, बापाच्या नावासकट, मराठ्या-रजपुतांच्या पंक्तीत कोरले गेले. जी पंगत गावात कधी बसली नाही ती दगडावर बसली.

पण येथे भाबडेपणा नको. 1821 साली बांधायला घेतलेला हा स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला, आपल्या मुक्तीसाठी नव्हे. शिरूरला कर्नल वॉलेस याची कबर आहे. तो 1809 साली वारला. 'सतपुरुष' म्हणून लोक त्याला भजत, सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य तेथे नेत. साहेबाला कबर मिळाली आणि देवपणही मिळाले. शिपायाला नावाची एक ओळ मिळाली. पुढे 1892 च्या सुमारास याच इंग्रजाने महारांना लष्कराची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 साली मोडली गेली.

तेथून मी खडकीला गेलो. खडकी हीदेखील रणभूमीच. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशवे आणि इंग्रज यांची त्या युद्धातली पहिली लढाई येथे झाली. आज तेथे युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांची थडगी ओळीने उभी आहेत. हिरवळ कापलेली, प्रत्येक दगड स्वच्छ, प्रत्येकावर नाव. पहिल्या युद्धात हिंदुस्थानात मेलेल्यांचेही स्मारक तेथे आहे. मृतांची इतकी निगा पाहून मन भरून आले. पण या निगेलाही पंक्तिभेद होता. इराकात बसरा येथे जे स्मारक बांधले गेले, त्यावर हिंदी अंमलदारांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा तेवढा आला. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्याच समितीने 2021 साली कबुली दिली की, पहिल्या युद्धातील निदान 1,16,000 मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतच्या मृतांची, नावाने स्मृती राखली गेली नाही किंवा मुळीच राखली गेली नाही. त्यांत बहुसंख्य आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील माणसे होती. मेल्यावर सारे समान, हे सुभाषित स्मशानातच खोटे पडते.

म्हणूनच 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले, ते साहेबाच्या विजयापुढे वाकायला गेले असे मला वाटत नाही. ज्यांना थडगे नाही त्यांच्या नावांपाशी ते गेले. कंपनीच्या स्तंभाचा अर्थ त्या दिवसापासून पालटला. 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा हाच स्तंभ तिच्या बिल्ल्यावर आला.

शेवटी वढू बुद्रुक. कोरेगावपासून जवळच. संभाजी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महाराने केले, अशी परंपरा आहे. त्याची समाधी तेथेच आहे. 29 डिसेंबर 2017 रोजी त्या समाधीची मोडतोड झाली आणि तीनच दिवसांनी कोरेगावच्या वाटेवर लोकांवर दगड पडले. समाधीवरचा एक फलक लोकांना का खुपावा? कारण मृताला अग्नी देणारा हात अस्पृश्याचा होता असे म्हटले की इतिहासाची सारी उतरंड हलते. आजही कित्येक गावांत स्मशाने जातवार वेगळी आहेत, आणि आपल्या मयताला जागा मिळावी म्हणून दलितांना झगडावे लागते. कोरेगावचा प्रश्न 1818 त संपलेला नाही.

पोशेऱ्याला परतल्यावर मी त्या मुलाला सांगितले, "त्यांची थडगी नाहीत, पण नावे आहेत. आपण वाचतो तोवर ती राहतील." तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्याकडच्यांची नावं कुठल्या दगडावर आहेत?"

1945 साली ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, गोळीबारात पडले. त्यांची नावे माझ्या वर्गातल्या किती मुलांना ठाऊक आहेत? हा दोष मुलांचा नाही, माझा आहे. आता आम्ही एक वही घातली आहे. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून मुले नावे लिहून आणतात. दगड मिळेल तेव्हा मिळेल. तोवर वही पुरे.